कोळशावरील कर आणि सौर पंपाचे अनुदान

गेल्या काही वर्षांत राज्यातील बहुतेक शिवारांत विहिरीच्या कडेला सौर पट्ट्या उभ्या राहिलेल्या दिसू लागल्या आहेत. शेतकऱ्याने किंमतीच्या शेकडा १० एवढा हिस्सा भरावा, अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याने शेकडा ५ भरावा आणि उरलेला भार केंद्र व राज्य सरकारांनी उचलावा, अशी ही 'मागेल त्याला सौर कृषिपंप' योजना आहे. गावोगावच्या सभांत या योजनेची माहिती देत असता एक प्रश्न हटकून विचारला जातो. धुरामुळे हवामान बिघडते असे आपण म्हणता, तर मग धूर करणाऱ्या कोळशावरच जबर कर का बसवीत नाही? आम्हांस पंप देण्यात एवढा पैसा ओतण्याचे कारण काय?

हा प्रश्न रास्त आहे. जगातील अर्थशास्त्रज्ञ व राज्यकर्ते गेली पस्तीस वर्षे याच प्रश्नावर वाद घालीत आहेत. एका पक्षाचे म्हणणे, घाण करणाऱ्यास दंड करा. दुसऱ्याचे म्हणणे, स्वच्छ काम करणाऱ्यास मदत करा. वरवर पाहता ही एकाच नाण्याची दोन अंगे वाटतात. पण शेतीच्या विजेचा हिशेब मांडला म्हणजे त्यांतील अंतर चांगलेच ध्यानात येते. तो हिशेब आपल्या शेतकरी बंधूंपुढे ठेवावा, एवढ्याच हेतूने हा लेख लिहिला आहे.

कोळसा, डिझेल, वायू इत्यादी इंधने जळताना कार्बन डाय-ऑक्साइड हा वायू बाहेर पडतो. लेखाच्या सोयीसाठी त्यास आपण कर्बवायू म्हणू. हा वायू हवेत साठत जातो व पृथ्वीची उष्णता कोंडून धरतो. हवा एक अंश सेल्सियसने तापली की ती सुमारे शेकडा ७ अधिक बाष्प धरू शकते. त्यामुळे पाऊस पडतो तेव्हा तो एकदम व अतोनात पडण्याचा संभव वाढतो. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात व सोलापूर जिल्ह्यात सोयाबीनची उभी पिके पाण्याखाली गेली आणि कित्येक ठिकाणी वरचा मातीचा थरही वाहून गेला, हे सर्वांच्या स्मरणात आहे. कोणत्याही एका वर्षाच्या पावसाचा दोष सरळ कर्बवायूवर ठेवता येत नाही. तथापि अशी वर्षे वारंवार येणे कोरडवाहू शेतकऱ्यास परवडणारे नाही, आणि धूर कमी करण्याचा प्रश्न म्हणूनच केवळ शहरांचा राहिलेला नाही.

कराचा मार्ग

घाण करणाऱ्याकडून त्या घाणीची किंमत वसूल करावी, हा विचार केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ आर्थर पिगू यांनी १९२० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मांडला. कारखान्याचा धूर शेजाऱ्याच्या घरात जातो, पण त्याचे नुकसान कारखानदाराच्या वहीत कोठेही लिहिले जात नाही. कर बसविला म्हणजे ते वहीत लिहिले जाते. आपल्याकडे बांधावरून पाणी सोडून शेजाऱ्याचे पीक बुडविणाऱ्यास पंच भरपाई द्यावयास लावतात, त्यातलाच हा प्रकार होय.

कर्बवायूवर प्रथम कर बसविला तो फिनलंडने, १९९० साली. पुढच्याच वर्षी स्वीडनने टनामागे सुमारे २५० क्रोनर कर बसविला व तो हळूहळू वाढवीत नेला. आज तो शंभर डॉलरांच्या वर आहे. कर बसविताना तेथील सरकारने उत्पन्नावरील कर कमी केला. तेल व कोळसा महाग झाल्याने घरे ऊबदार ठेवणाऱ्या सामुदायिक भट्ट्या लाकडाच्या भुशावर व तुकड्यांवर चालू लागल्या. लोकांनी आपापल्या सोयीने मार्ग शोधला. कोणते यंत्र घ्यावे हे सरकारला सांगावे लागले नाही. कराचा मोठा गुण तो हाच. मात्र स्वीडनमध्येही शेतीच्या डिझेलास करात सवलत ठेवावी लागली, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

कराचा दोषही तितकाच मोठा आहे. तो लोकांना रुचत नाही. ऑस्ट्रेलियाने जुलै २०१२ मध्ये बसविलेला कर दोनच वर्षांत रद्द केला. फ्रान्समध्ये २०१८ साली डिझेलवरील वाढत्या कराविरुद्ध खेड्यापाड्यांतील व लहान गावांतील लोक पिवळी जाकिटे घालून रस्त्यावर आले व सरकारला करवाढ थांबवावी लागली. कॅनडाने लोकांच्या इंधनावरील आकार १ एप्रिल २०२५ पासून बंद केला; वास्तविक त्यातील बहुतेक पैसा कुटुंबांना परत दिला जात होता. पंपावर भरलेला पैसा डोळ्यांना दिसतो व बँकेत परत आलेला दिसत नाही, असाच याचा अर्थ लावावा लागेल.

शेतीवर थेट कर बसविण्याचे धाडस आजवर एकाच देशाने केले आहे. डेन्मार्कने २०२४ साली असे ठरविले की, गुराढोरांपासून निघणाऱ्या वायूंवर २०३० पासून टनामागे ३०० क्रोनर कर घ्यावयाचा व २०३५ पर्यंत तो ७५० क्रोनरवर न्यावयाचा. मात्र करातून शेकडा ६० सूट द्यावयाची. न्यूझीलंडने असाच विचार बरीच वर्षे केला आणि २०२४ साली तो सोडून दिला. आपल्याकडील दोन म्हशींच्या गोठ्यावर असा कर बसविण्याची कल्पना कोणी मांडलेली नाही, व प्रस्तुत लेखकाच्या मते मांडूही नये.

आपल्या देशातील उपकर

आपल्या देशात कर्बवायूवर कर नाही, असा समज आहे. तो पूर्णपणे बरोबर नाही. १ जुलै २०१० पासून केंद्र सरकारने देशी व आयात अशा दोन्ही कोळशांवर टनास ५० रुपये 'स्वच्छ ऊर्जा उपकर' बसविला. त्याचे उत्पन्न राष्ट्रीय स्वच्छ ऊर्जा निधीत जमा करून त्यातून सौर, पवन इत्यादी कामांस मदत करावी, अशी मूळ योजना होती. म्हणजे एका हाताने कोळशावर कर घ्यावयाचा व दुसऱ्या हाताने तोच पैसा सूर्याकडे वळवावयाचा. कर की अनुदान हा वाद येथे मुळातच मिटविला होता. दोन्ही बैल एकाच जोखडास जुंपले होते. उपकर २०१४ मध्ये १०० रुपये, २०१५ मध्ये २०० रुपये आणि २०१६ मध्ये ४०० रुपये झाला.

परंतु जमा झालेला पैसा ठरल्या जागी पोचला नाही. २०१०-११ ते २०१७-१८ या काळात उपकराचे सुमारे ८६ हजार कोटी रुपये गोळा झाले. त्यांपैकी निधीत वर्ग झाले ते सुमारे २९,६०० कोटी, आणि प्रत्यक्ष कामांवर खर्च झाले ते त्याहूनही कमी. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला तेव्हा हा उपकर रद्द झाला व त्याच्या जागी तेवढाच, म्हणजे टनास ४०० रुपये, भरपाई उपकर आला. कोळशावरील बोजा तोच राहिला. पण तो पैसा आता राज्यांच्या करातील तूट भरून काढण्यासाठी होता. स्वच्छ ऊर्जेशी त्याचा संबंध तुटला.

२२ सप्टेंबर २०२५ पासून आणखी बदल झाला. टनामागचे ४०० रुपये गेले आणि कोळशावरील वस्तू व सेवा कर शेकडा ५ चा शेकडा १८ झाला. ऐकताना ही वाढ वाटते, म्हणून आकडे मांडून पाहू. १,००० रुपये टन भावाच्या हलक्या कोळशावर पूर्वी ५० अधिक ४०० असे ४५० रुपये पडत. आता १८० रुपये पडतात. ४,००० रुपये टन भावाच्या चांगल्या कोळशावर पूर्वी ६०० रुपये पडत. आता ७२० पडतात. भाव तीन हजारांच्या जरा वर गेला की मगच नवा कर जुन्याहून जड होतो. आपल्या बहुतेक वीजकेंद्रांत जळतो तो हलक्या प्रतीचा, राखेचा कोळसा. म्हणजे ज्या कोळशाचा धूर आपल्याकडे सर्वांत अधिक, त्यावरील भार उतरला. पूर्वीचा कर वजनावर होता, आताचा भावावर आहे. आणि धूर हा वजनावर अवलंबून असतो, भावावर नव्हे. वीज स्वस्त व्हावी या दृष्टीने हा बदल समजण्यासारखा आहे. तथापि धूर कमी करण्याचे साधन म्हणून कोळशावरील कर दुबळा झाला, हे मान्य करावयास हवे.

कर शेतकऱ्यापर्यंत पोचतो काय?

आता शेतातील मोटारीकडे येऊ. पाच अश्वशक्तीची मोटार तासाला सुमारे ४ युनिट वीज घेते. वर्षाकाठी ती ८०० तास चालते असे धरल्यास ३,२०० युनिट होतात. औष्णिक केंद्रात एका युनिटास सुमारे ७०० ग्रॅम कोळसा लागतो. म्हणजे एका मोटारीमागे वर्षाला सुमारे सव्वादोन टन कोळसा जळतो. आपल्या कोळशाच्या टनापासून सुमारे दीड टन कर्बवायू निघतो. त्या हिशेबाने एका मोटारीच्या वाट्यास वर्षाला सुमारे ३.४ टन कर्बवायू येतो. तारांतील गळती यात धरलेली नाही.

या कोळशावर ४०० रुपये टनाचा जुना उपकर लावला तर वर्षाला सुमारे ९०० रुपये होतात, म्हणजे युनिटमागे २८ पैसे. पण हे २८ पैसे शेतकऱ्याच्या बिलात कधी आलेच नाहीत. शेतीची वीज आधीपासूनच सवलतीची होती. आणि एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांचे बिल 'बळीराजा मोफत वीज' योजनेखाली राज्य सरकार भरते. सुमारे ४४ लाख शेतकरी या योजनेत येतात. जेथे बिलच नाही तेथे कर वाढला काय किंवा उतरला काय, मोटारीचे बटण दाबणाऱ्यास त्याचा पत्ता लागत नाही. तो भार सरकारी तिजोरीवर आणि कारखाने-दुकानांच्या वीजदरावर जातो. सबब शेतीच्या विजेपुरते बोलायचे तर कोळशावर कितीही कर बसविला तरी त्यायोगे शेतातील एक युनिटही वाचणार नाही.

डिझेल इंजिन वापरणाऱ्याची स्थिती मात्र अगदी उलट आहे. एप्रिल २०२५ मध्ये केंद्राने डिझेलवरील उत्पादनशुल्क लिटरमागे २ रुपयांनी वाढवून १० रुपये केले. एक लिटर डिझेलपासून सुमारे २.७ किलो कर्बवायू निघतो. हा हिशेब टनावर नेल्यास सुमारे ३,७०० रुपये होतात. राज्याचा विक्रीकर निराळाच. कोळशावरील ४०० रुपयांचा उपकर याच मापाने कर्बवायूच्या टनास सुमारे २६५ रुपये पडत होता. म्हणजे ज्या कोरडवाहू शेतकऱ्यास वीजजोडणी मिळाली नाही व जो इंजिनावर ओढ्याचे पाणी उपसतो, तो आपल्या धुराबद्दल कोळसा जाळणाऱ्याच्या जवळजवळ चौदापट कर देत आला. त्यास कोणी 'कर्बकर' म्हणत नाही इतकेच. सौर पंपाकडे सर्वांत उत्सुकतेने वळला तो हाच शेतकरी, यात नवल नाही.

अनुदानाचा मार्ग

अनुदानाचा मोठा विजय म्हणजे सौर पट्ट्यांची किंमत. जर्मनीने २००० साली कायदा करून सौर वीज ठरावीक चढ्या भावाने वीस वर्षे विकत घेण्याची हमी दिली, व त्याचा खर्च तेथील ग्राहकांच्या बिलात लावला. मागणी वाढली, चीनमध्ये प्रचंड कारखाने निघाले आणि २०१० नंतरच्या दशकात पट्ट्यांची किंमत शेकडा ९० च्या आसपास उतरली. आपल्याकडे २०१० साली सौर विजेचा सरकारी दर युनिटास १७ रुपयांच्या वर ठरविलेला होता. मे २०१७ मध्ये राजस्थानातील भडला येथील लिलावात तो २ रुपये ४४ पैशांवर आला. केवळ कोळसा महाग केल्याने ही घसरण इतक्या लवकर झाली असती, असे वाटत नाही. जर्मन गृहिणीने भरलेल्या जादा बिलाचा लाभ आज जालन्याच्या मोसंबीवाल्यास मिळतो आहे.

पण अनुदानाचा पैसाही मोजून पाहिला पाहिजे. समजा, पाच अश्वशक्तीच्या सौर पंपाची किंमत ३ लाख रुपये आहे व त्यांतील २ लाख ७० हजार सरकार देते. वर वर्णिलेली मोटार बदलून हा पंप बसविला तर वर्षाला ३.४ टन, वीस वर्षांत सुमारे ६७ टन कर्बवायू वाचतो. भागाकार केल्यास टनामागे सुमारे ४,००० रुपये पडतात. जुन्या उपकराच्या पंधरापट! एवढे महाग का पडते, याचे कारण पट्ट्यांच्या रिकाम्या दिवसांत आहे. पाच किलोवॉटच्या पट्ट्या उन्हाच्या तीनशे दिवसांत सुमारे ६,००० युनिट वीज करू शकतात. आपण त्यांतील ३,२०० वापरतो. पावसाळ्यात, काढणीच्या वेळी, विहीर आटली असता त्या नुसत्या ऊन खात उभ्या असतात. ट्रॅक्टर घेऊन तो वर्षातील सहा महिने गोठ्यात लावून ठेवावा, तसे हे आहे.

यावरून सौर पंप देणे चूक आहे, असा निष्कर्ष काढणे बरोबर होणार नाही. सरकारचा मुख्य हिशेब निराळा आहे. शेतीस वीज पुरविण्याचा खर्च युनिटास ७ रुपये धरला तरी एका मोटारीमागे वर्षाला २२ हजार रुपये तिजोरीतून जातात. सौर पंप बसला की हे वाचतात आणि दहाबारा वर्षांत पंपाचा खर्च निघतो. शिवाय शेतकऱ्यास दिवसा पाणी मिळते. रात्रीच्या पाळीने ऊस किंवा गहू भिजविताना सर्पदंशाने व बिबट्याच्या हल्ल्याने माणसे दगावली आहेत. त्या घरांना दिवसाच्या विजेचे मोल कोणी सांगावयास नको. सांगावयाचे ते एवढेच की, कर्बवायू वाचविणे हा या योजनेचा दुय्यम लाभ आहे आणि तेवढ्यासाठीच पाहिले तर हा मार्ग महागडा आहे.

आता त्याच कामाचा दुसरा प्रकार पाहू. पंपागणिक पट्ट्या न बसविता उपकेंद्राजवळ एकच मोठे सौर केंद्र उभारावयाचे व शेतीच्या वीजवाहिनीस दिवसा त्यातून वीज द्यावयाची, ही मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना होय. ती २०१७ साली सुरू झाली. अहिल्यानगर जिल्ह्यातील राळेगणसिद्धी हे तिच्या पहिल्या ठिकाणांपैकी एक. २०२३ पासून ती मोठ्या प्रमाणावर हाती घेण्यात आली. एक मेगावॉटचे केंद्र वर्षाला सुमारे १६ लाख युनिट वीज देते, म्हणजे आपल्या हिशेबातील ५०० मोटारींची गरज. मोटारी बंद असल्या तर ती वीज गावाला किंवा शहराला जाते; वाया जात नाही. केंद्र सरकारचे साहाय्य मेगावॉटला जास्तीत जास्त १ कोटी ५ लाख रुपये ठरलेले आहे. वीस वर्षांत सुमारे ३३,६०० टन कर्बवायू वाचतो, म्हणजे साहाय्याचा भार टनाला सुमारे ३१० रुपये. वीज अर्थातच विकत घ्यावी लागते. पण तिचा दर युनिटास ३ रुपयांच्या आसपास पडला आहे, व तो पुढे वाढणारा नाही. एकीकडे टनास ४,००० रुपये, दुसरीकडे ३१०. दोन्हींस आपण 'अनुदान' हेच नाव देतो.

यास्तव कर श्रेष्ठ की अनुदान श्रेष्ठ, या वादापेक्षा अनुदानाचा रुपया कोठे घातला, हा प्रश्न शेतीपुरता तरी अधिक महत्त्वाचा आहे. जेथे वीजवाहिनी जवळ आहे तेथे वाहिनीचे सौरीकरण आधी व्हावे. सुटे सौर पंप डोंगराळ वाड्या, दूरच्या वस्त्या व डिझेल इंजिने यांच्यासाठी राखून ठेवावे. आणि कोळशावर जो काही कर उरला आहे त्यातील ठराविक हिस्सा पुन्हा २०१० प्रमाणे या कामासाठी बांधून दिला, तर दोन्ही बैल परत एका जोखडास येतील. हे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. धोरण ठरविणे हे वरिष्ठ सरकारांचे काम.

पाण्याचा प्रश्न

या विषयात एक गोष्ट शेतकऱ्यास सर्वांत जवळची आहे, आणि तीच बहुधा विसरली जाते. कर वापर कमी करतो. अनुदान वापर कमी करीत नाही, पुष्कळदा वाढविते. भारनियमनाने आजवर नकळत एक काम केले होते: वीज आठ तासच असल्याने विहिरीसही विसावा मिळत असे. सौर पंप ऊन असेपर्यंत रोज चालू शकतो आणि चालविण्यास खर्च काही नाही. जळगाव जिल्ह्यातील रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यात भूजल किती खोल गेले आहे, हे तेथील शेतकऱ्यांस ठाऊक आहेच. अशा भागात अनुदानाचा पंप धूर कमी करील व विहीरही कोरडी करील.

यावर गुजरातेतील खेडा जिल्ह्याच्या ढुंडी गावाने काढलेला तोडगा अभ्यासण्यासारखा आहे. २०१६ साली तेथील सहा शेतकऱ्यांनी सौर पंपधारकांची सहकारी मंडळी सुरू केली. आपापल्या पट्ट्या तारेने जोडल्या व शिल्लक राहणारी वीज, वीज कंपनीस युनिटला ४ रुपये ६३ पैसे दराने विकण्याचा पंचवीस वर्षांचा करार केला. त्याच्या बदल्यात सवलतीच्या वीजजोडणीवरील हक्क त्यांनी सोडला. परिणाम असा की, पाणी उपसणे फुकट असूनही फुकट राहिले नाही. एक तास मोटार जास्त चालविली तर चार युनिट, म्हणजे अठरा-एकोणीस रुपये, हातचे जातात. गव्हास सातवे पाणी द्यावे की वीज विकावी, याचा विचार शेतकरी आपणहून करू लागतो. येथे करही आहे आणि अनुदानही आहे. मात्र कर सरकार वसूल करीत नाही, तो शेतकऱ्याच्या मनातच बसतो. आपल्याकडे वाहिनीपासून दूर असलेल्या सुट्या पंपांस वीज विकण्याची सोय नाही. परंतु ज्या नियंत्रकास युनिव्हर्सल सोलर पंप कंट्रोलर म्हणतात, तो बसविल्यास मोटार बंद असताना त्याच विजेवर कडबा कुट्टीचे यंत्र, पिठाची गिरणी अगर शीतपेटी चालविता येते, आणि प्रधानमंत्री कुसुम योजनेच्या नियमांत त्यास परवानगी आहे.

पंपासाठी अर्ज करण्यापूर्वी

योजनेत अडीच एकरांपर्यंत तीन, पाच एकरांपर्यंत पाच आणि त्याहून अधिक जमिनीस साडेसात अश्वशक्तीचा पंप देण्याचे ठरले आहे. ही मर्यादा जमिनीवरून ठरविली आहे, विहिरीच्या पाण्यावरून नव्हे. सबब अर्जापूर्वी शेतकऱ्याने एप्रिल-मे महिन्यांत आपली विहीर सलग किती तास उपसा देते व किती तासांनी पुन्हा भरते, याची आठवडाभर वहीत नोंद करावी. दोन तासांत तळ दिसणाऱ्या विहिरीवर साडेसात अश्वशक्तीचा पंप बसवून काही साधणार नाही. तेथे हक्कापेक्षा लहान पंप मागावा आणि ठिबक संच आधी बसवावा, म्हणजे तेवढ्याच पाण्यात अधिक क्षेत्र भिजेल. ज्यांची मोटार सध्या शेतीच्या वाहिनीवर आहे, त्यांनी आपल्या वाहिनीचे सौरीकरण झाले आहे काय किंवा केव्हा होणार आहे, याची चौकशी महावितरणच्या शाखा कार्यालयात अगोदर करावी. सौर केंद्रासाठी जमीन भाड्याने देण्याचा करार ज्यांच्याकडे आला असेल त्यांनी तो सही करण्यापूर्वी पूर्ण वाचावा. या योजनेत भाडे हेक्टरी वर्षाला १ लाख २५ हजार रुपये व दरवर्षी शेकडा ३ वाढ असे ठरले आहे. करार पाव शतकाचा असतो, त्यामुळे सातबाऱ्यावरील सर्व वारसांची नावे आधी लावून घेतलेली बरी.